परग्रहवासी खेळण्यांची वंशावळ

परग्रहावरील प्राणी कसा दिसत असेल, या प्रश्नाने कथाकारांना आणि चित्रकारांना दीर्घकाळ भुरळ घातली आहे. कथाकाराला त्या प्राण्याचे वर्णन केले की पुरते. चित्रकाराला त्याची एकच बाजू दाखवावी लागते. खेळणी घडविणाऱ्या कारागिराचे काम मात्र याहून अवघड असते. तो प्राणी मुलाच्या मुठीत मावला पाहिजे, त्याचे गुडघे वाकले पाहिजेत, साच्यातून तो सुटा निघाला पाहिजे आणि त्याची किंमत सामान्य पालकाला परवडली पाहिजे. म्हणून परग्रहवासी खेळण्यांचा इतिहास हा जितका कल्पनाशक्तीचा इतिहास आहे, तितकाच तो मापांचा, सांध्यांचा आणि साच्यांचाही आहे.

ज्या हालत्या बाहुल्यांना व्यापारात 'अ‍ॅक्शन फिगर' म्हणतात, त्यांची सुरुवात सामान्यतः १९६४ पासून मानली जाते. त्या वर्षी हॅसब्रो या अमेरिकी कंपनीने 'जी. आय. जो' हा सुमारे १२ इंच उंचीचा सैनिक बाजारात आणला. मुलगे बाहुलीशी खेळणार नाहीत, अशी त्या काळी समजूत होती. म्हणून 'बाहुली' हा शब्द टाळून हे नवे नाव योजण्यात आले. पुढील वीस वर्षांत या प्रकारात परग्रहवासीयांच्या अनेक मालिका निघाल्या. त्या परस्परांसारख्या दिसतात, आणि म्हणून 'हे त्याच्यावरून उचलले' असा निष्कर्ष फार घाईने काढला जातो.

असा निष्कर्ष काढण्यापूर्वी पुराव्याचे तीन प्रकार वेगळे करणे आवश्यक आहे. पहिला प्रकार म्हणजे निर्मात्याची स्वतःची साक्ष. दुसरा म्हणजे वस्तूचीच साक्ष, अर्थात दोन खेळण्यांत एकच साचा किंवा एकच सांधा आढळणे. तिसरा प्रकार केवळ सादृश्याचा. हा तिसरा पुरावा सर्वांत आकर्षक आणि सर्वांत दुबळा असतो. कारण दोन भावंडे एकमेकांसारखी दिसतात, ती एकाने दुसऱ्याचे अनुकरण केले म्हणून नव्हे, तर दोघांचे आईवडील एक असतात म्हणून.

सोबती म्हणून जन्मलेले परके

पहिल्या प्रकाराचे उत्तम उदाहरण 'आउटर स्पेस मेन' या मालिकेत सापडते. मॅटेल कंपनीने १९६६ मध्ये 'मेजर मॅट मेसन' हा सुमारे ६ इंच उंचीचा अंतराळवीर काढला. तारेच्या सांगाड्यावर मऊ विनाइल चढवून त्याचे शरीर बनविले होते, त्यामुळे हातपाय हवे तसे वाकवता येत. त्याचा पोशाख आणि त्याची वाहने त्या वेळच्या अमेरिकी अंतराळ कार्यक्रमातील आराखड्यांशी जुळणारी होती. मुलाच्या हाती एक धाडसी प्रवासी आला होता. परंतु प्रवासात त्याला भेटणार कोण?

या उणिवेवर मेल बर्नक्रँट या कल्पक अभिकल्पकाने नेमके बोट ठेवले. त्याने कलरफॉर्म्स या कंपनीसाठी १९६८ मध्ये सात परग्रहवासी तयार केले. मंगळाचा 'अल्फा सेव्हन', शुक्राचा 'कमांडर कॉमेट', गुरूचा धिप्पाड 'कोलोसस रेक्स', शनीचा 'झोडियाक', युरेनसचा 'ऑर्बिट्रॉन', नेपच्यूनचा 'अ‍ॅस्ट्रो-नॉटिलस' आणि प्लूटोचा 'इलेक्ट्रॉन प्लस' अशी त्यांची नावे होती. (प्लूटोची गणना तेव्हा ग्रहांत होत असे, २००६ मध्ये ती थांबली.) त्यांची शरीरेही तार आणि मऊ विनाइल यांचीच होती. मॅट मेसनबरोबर खेळता यावे याच हेतूने त्यांचे प्रमाण ठरविले होते, हे बर्नक्रँट यांनी स्वतःच पुढे सांगितले आहे.

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. या सात जणांची रूपे मॅट मेसनसारखी मुळीच नाहीत. त्याच्याकडून त्यांनी घेतले ते माप आणि बांधणी. प्रभाव येथे दिसण्यात नाही, जुळण्यात आहे. प्रतिस्पर्ध्याच्या वस्तूची नक्कल करण्याऐवजी त्या वस्तूत जी जागा रिकामी राहिली होती, ती या अभिकल्पकाने भरून काढली.

या मालिकेला आयुष्य मात्र अल्प लाभले. जुलै १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला, आणि त्यानंतरच्या काळात अंतराळातील खेळण्यांची मागणी ओसरू लागली. परग्रहवासीयांची दुसरी तुकडी नमुन्यांच्या अवस्थेपर्यंत पोचली होती. पण तिचे उत्पादन झाले नाही. ज्या बांधणीने या बाहुल्यांना लवचिकपणा दिला, तिनेच त्यांचा नाशही ओढवून घेतला. वारंवार वाकविल्याने आतली तार तुटते आणि हात किंवा पाय लुळा पडतो. म्हणून त्या काळातील धडधाकट नमुने आज दुर्मिळ झाले आहेत.

उघड्या मेंदूचे कोडे

सादृश्याचा पुरावा किती निसरडा असतो, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. ऑर्बिट्रॉनच्या डोक्यावर भला मोठा मेंदू उघडा दिसतो. साठच्या दशकाच्या अखेरीस मॅटेलनेही मॅट मेसनला 'कॅलिस्टो' नावाचा गुरुग्रहावरील मित्र दिला. त्याचे हिरवे डोके पारदर्शक होते. पुढे १९७९ मध्ये मेगो कंपनीच्या 'मायक्रोनॉट्स' मालिकेत 'मेम्ब्रॉस' हा परग्रहवासी आला, आणि त्याचा मेंदू तर अंधारात चमकत असे. ही तीन खेळणी शेजारी शेजारी मांडली, तर एकाने दुसऱ्याची नक्कल केली असे वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु १९५५ मधील 'धिस आयलंड अर्थ' या अमेरिकी चित्रपटात उघड्या मेंदूचा, मोठ्या डोळ्यांचा एक उत्परिवर्तित प्राणी होता, आणि त्याची छबी पुढील पिढीच्या मनात घर करून राहिली होती. ऑर्बिट्रॉनचे त्याच्याशी असलेले साम्य नजरेतून सुटणे कठीण. त्याही मागे जायचे, तर प्रचंड मेंदू आणि दुबळे शरीर असलेल्या मंगळवासीयांची कल्पना एच. जी. वेल्स यांच्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' या १८९८ मधील कादंबरीत आढळते. बुद्धी वाढत गेली की शरीर खंगत जाईल, ही उत्क्रांतीविषयीची एकोणिसाव्या शतकातील धास्ती तिच्यामागे होती. तेव्हा ही तीन खेळणी परस्परांची अपत्ये असतीलच असे नाही. ती एकाच आजोबांची नातवंडे असू शकतात. केवळ चेहऱ्यावरून कोणालाही चोर ठरविणे म्हणूनच अन्यायाचे होईल.

साच्याची साक्ष

साचा मात्र खोटे बोलत नाही. मेगो कंपनीचा व्यवसाय एका साध्या युक्तीवर उभा होता: सुमारे ८ इंचांचे एकच शरीर तयार करायचे आणि डोकी व कपडे बदलून त्यातून अनेक पात्रे काढायची. 'स्टार ट्रेक' या दूरचित्रवाणी मालिकेतील परग्रहवासी या कंपनीने १९७५ पासून बाजारात आणले. त्यांपैकी 'गॉर्न' हा पडद्यावर हिरव्या कातडीचा, सरड्यासारखा प्राणी होता. खेळण्यात मात्र तो तपकिरी झाला आणि त्याच्या अंगावर त्याच मालिकेतील क्लिंगॉन योद्ध्याचा पोशाख चढला. त्याचे डोके तर कंपनीच्याच 'लिझार्ड' या, स्पायडरमॅनच्या शत्रूच्या साच्यातून काढलेले होते. याच संचातील 'नेप्च्युनियन' हा परग्रहवासी मूळ मालिकेच्या एकाही भागात आलेला नाही. अशा ठिकाणी रूप ठरविण्यात कलावंतापेक्षा हिशेबनिसाचा वाटा मोठा असतो. नवा साचा कोरणे ही या उद्योगातील सर्वांत खर्चाची बाब आहे. त्यामुळे एकदा कोरलेला साचा शक्य तितक्या वेळा वापरला जातो.

वीस वर्षांची प्रदक्षिणा

प्रभावाचा सर्वांत लांबचा प्रवास अमेरिका आणि जपान यांच्या दरम्यान घडला. जपानच्या ताकारा कंपनीने जी. आय. जोच्या परवान्यावर सैनिक काढला होता. १९७२ मध्ये तेच शरीर पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये ओतून, आतील यंत्रे दिसतील अशा रीतीने, 'हेन्शिन सायबॉर्ग' तयार झाला. सैनिकाचा यंत्रमानव झाला, पण साच्याचे घराणे तेच राहिले. १९७४ मध्ये हीच कल्पना सुमारे १० सेंटिमीटरच्या 'मायक्रोमॅन'मध्ये उतरली. १९७३ च्या तेलटंचाईनंतर प्लॅस्टिक महागले होते, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे. लहान आकाराचे समर्थन कथेने मोठ्या चतुराईने केले: हे परग्रहवासी मुळातच एवढे लहान आहेत, असे तिने सांगितले. त्यामुळे मुलाच्या मेजावर उभे असलेले खेळणे प्रतिकृती न राहता प्रत्यक्ष प्राणीच ठरले.

मेगोने १९७६ मध्ये हे मायक्रोमॅन 'मायक्रोनॉट्स' या नावाने अमेरिकेत आणले. त्यांच्या वाहनांचे भाग ५ मिलिमीटरच्या खुंट्या आणि छिद्रे यांनी परस्परांत बसत, आणि एका खेळण्याचे चाक दुसऱ्याला जोडता येई. मेम्ब्रॉस, अँट्रॉन, रेप्टो हे परग्रहवासी मात्र जपानी मालिकेत नव्हते. ते अमेरिकेत घातलेली भर होते. म्हणजे बांधणी जपानी आणि राक्षस अमेरिकी, असा तो संगम होता.

ताकाराने १९८३ मध्ये मायक्रोमॅनच्या विश्वात 'मायक्रो चेंज' ही शाखा काढली. तीत कॅसेट वाजविण्याचे यंत्र किंवा पिस्तूल यांसारख्या नित्याच्या वस्तू उलगडून यंत्रमानव होत असत. ही खेळणी आणि ताकाराच्याच 'डायाक्लोन' मालिकेतील वाहने एकत्र करून १९८४ मध्ये अमेरिकेत 'ट्रान्सफॉर्मर्स' अवतरले. ते सायबरट्रॉन नामक ग्रहाचे रहिवासी असल्याचे सांगण्यात आले. त्यांना बाजारात आणणारी कंपनी होती हॅसब्रो. वीस वर्षांपूर्वी जिच्या कारखान्यातून एक सैनिक बाहेर पडला होता, तिच्याच दारी त्याचे वंशज परग्रहवासी होऊन परतले.

बर्नक्रँट यांच्या सात पाहुण्यांनाही पुढे नवा जन्म मिळाला. २०१० मध्ये 'फोर हॉर्समेन' या शिल्पकारांच्या गटाने 'आउटर स्पेस मेन' पुन्हा घडविले. या वेळी तारेऐवजी त्यांना सुटे होणारे, इतर लहान निर्मात्यांच्या 'ग्लायॉस' पद्धतीच्या खेळण्यांशी जुळणारे सांधे देण्यात आले. मूळ मालिका दुसऱ्याच्या अंतराळवीराला सोबत करण्यासाठी जन्मली होती. चार दशकांनंतरही तिने आपला तो स्वभाव सोडला नाही.

या वंशावळीतून एक गोष्ट प्रत्ययास येते. कोणत्याही परग्रहवासीयाची कल्पना शून्यातून उद्भवलेली नाही. चेहरा चित्रपटाने किंवा कादंबरीने दिला, उंची प्रतिस्पर्ध्याने ठरविली, सांधा दुसऱ्या देशातून आला आणि साचा पूर्वीच्या खेळण्याचा होता. याला उसनवारी म्हणावयाचे असल्यास म्हणावे. परंतु उसने घेतलेले सर्वच काही चोरलेले नसते. दुसऱ्याचे रूप उचलून त्याची जागा बळकावणारा एक, आणि दुसऱ्याचे माप घेऊन त्याच्या शेजारी बसण्याजोगे काही नवे घडविणारा दुसरा, या दोघांत भेद करता आला पाहिजे. तो भेद खेळण्याच्या मुखवट्यात क्वचितच सापडतो. त्यासाठी खेळणे उलटे करून त्याचे सांधे पाहावे लागतात.