बाळंतिणीच्या खोलीत उजेड येऊ द्या

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्या रहिमतपूरकडची रीत. लेक दवाखान्यातून दोन-तीन दिवसांत घरी येते. वारं लागू नये म्हणून खिडक्या बंद होतात, दाराला पडदा लागतो, कोपऱ्यात शेगडी पेटते. बाळाच्या अंगाला तेल आणि हळद लावली जाते, पाचवीच्या पूजेची गडबड सुरू होते. पूर्ण दिवसांच्या बाळाची कावीळ सर्वांत जास्त चढते ती याच तिसऱ्या ते पाचव्या दिवसांत. अंधाऱ्या खोलीत, हळद लावलेल्या अंगावर ती दिसणार कशी?

माझ्या लेकीचा मुलगा जन्मला तेव्हा ठणठणीत होता. घरी आल्यावर मात्र सारखा झोपायचा. भेटायला येणाऱ्या बायका कौतुकानं म्हणायच्या, "किती गुणी आहे, रडत नाही की त्रास देत नाही." छातीशी धरलं की दोन घोट प्यायचा आणि पुन्हा डोळे मिटायचा. लंगोटही फारसे ओले होईनात.

अशात आमची आरोग्य कार्यकर्ती आशाताई ठरलेल्या भेटीला आली. खोलीत शिरताच म्हणाली, "काकू, बाळाला जरा सोप्यात आणा, उजेडात बघू." तिनं बोटानं कपाळ दाबलं, मग छाती, मांडी, नडगी. बोट उचललं की दाबलेली कातडी क्षणभर पांढुरकी दिसायला हवी. आमच्या बाळाची नडगीपर्यंत पिवळी दिसली. "काकू, आजच साताऱ्याला न्या. उद्यावर टाकू नका."

घरात लगेच मतं सुरू झाली. कुणी म्हणालं, कोवळ्या उन्हात धरा. कुणी काविळीची माळ घालायला सांगितलं. कुणाला वाटलं, उद्या पाचवी आहे, पूजा करून जा. जावईबापू फोनवर एवढंच म्हणाले, "मामी, पूजा नंतर करू. तुम्ही निघा." आशाताईनं 102 ला फोन लावला आणि आम्ही निघालो.

रक्त तपासलं तेव्हा बिलिरुबिन 18 च्या पुढे गेलेलं होतं. लेकीचा रक्तगट ओ, बाळाचा बी. आईच्या रक्तातली प्रतिद्रव्यं बाळाच्या तांबड्या पेशी फोडत होती. पेशी फुटल्या की त्यातून बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य तयार होतं. ते बाहेर टाकायचं काम यकृताचं, पण नवजात बाळाचं यकृत अजून त्या कामाला सरावलेलं नसतं. म्हणून पूर्ण दिवसांच्या दहातल्या सहा बाळांना थोडी कावीळ होतेच, आणि बहुतेकांची ती आपोआप जातेही. पातळी फार चढली तर मात्र हे द्रव्य मेंदूत शिरतं. मग बहिरेपण किंवा हातापायांवरचा ताबा जाणं हे नुकसान जन्माचं असतं. वेळेत उपचार झाले तर ते टळतं, म्हणूनच हे सगळं लिहिते आहे.

बाळाला फक्त लंगोट ठेवून, डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या प्रकाशाखाली निजवलं. लेक पाहून रडली. परिचारिकेनं तिला नीट समजावलं: या प्रकाशानं बिलिरुबिनचं रूप बदलतं आणि ते यकृताची वाट न पाहता शी-शूवाटे निघून जातं. दूध पाजायला बाळ हातात मिळायचं. शी पातळ आणि हिरवट झाली, ती तशीच होते. प्रकाशाखाली कातडीचा पिवळेपणा लवकर निवळतो, पण रक्तातली पातळी तेवढी उतरलेली नसते. म्हणून रक्त पुन्हा पुन्हा तपासावं लागतं, आणि रक्तगटाची कावीळ असेल तर प्रकाश बंद केल्यानंतरही. प्रकाशानं भागलं नाही तर बाळाचं रक्त बदलावं लागतं. आमच्यावर ती वेळ आली नाही.

आता उन्हाविषयी. या उपचाराचं मूळ उन्हातच आहे. 1956 साली इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर वॉर्ड नावाच्या परिचारिका कमी दिवसांच्या बाळांना अंगणात उन्हात नेत असत. एका बाळाच्या अंगावर चादरीचा कोपरा पडला होता, तेवढीच जागा पिवळी राहिली आणि बाकीचं अंग निवळलं. 1958 मध्ये तिथल्या डॉक्टरांनी प्रकाशोपचार जगासमोर मांडला. पण अंगणातलं ऊन किती मिळालं हे मोजता येत नाही, उघडं बाळ गारठतं किंवा भाजतं, आणि चढत्या काविळीला कोवळं ऊन पुरत नाही. दवाखान्यातला प्रकाश मोजून दिलेला असतो.

म्हणून लेकी-सुनांच्या आयांना माझं सांगणं आहे. पहिला आठवडाभर रोज एकदा बाळाला खिडकीपाशी उजेडात उघडं करून बघा. हळद लावू नका. चीक टाकू नका. दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पाजा, झोपलं असेल तर उठवून पाजा. पोट साफ होतं तसं बिलिरुबिन बाहेर जातं. मध, गुटी, साखरपाणी यांनी कावीळ उतरत नाही, उलट दूध कमी जातं. बाळंतिणीचं हळदीचं जेवण बंद करून काहीही साधत नाही. बाळाच्या जुन्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या ठेवू नका. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एक विकर कमी असतं, त्यांच्या पेशी त्या वासानंही फुटतात.

पहिल्या चोवीस तासांत पिवळेपणा दिसला, तळहात-तळपाय पिवळे झाले, बाळ ओढून पीत नसेल, किंचाळल्यासारखं रडत असेल, पाठीची कमान करत असेल, तर रात्र असली तरी निघा. डाग देणं, माळ घालणं यात तास घालवू नका. चौदा दिवसांनंतरही कावीळ राहिली, शी पांढुरकी आणि लघवी गडद होत असेल, तर पित्तनलिका बंद असू शकते. त्याची शस्त्रक्रिया साठ दिवसांच्या आत झाली तर फायदा जास्त.

पैशासाठी थांबू नका. 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजात बाळाचे सरकारी रुग्णालयातले उपचार आणि ने-आण मोफत आहे. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. तिला दारातून चहा देऊन परत पाठवू नका, बाळ तिच्या हातात द्या.

घरी सोडताना डॉक्टरांना विचारून घ्या: आईचा आणि बाळाचा रक्तगट कोणता? बिलिरुबिन तपासलं का, किती आलं? पुन्हा दाखवायला कधी आणायचं? आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, तर अँटी-डीचं इंजेक्शन 72 तासांच्या आत मिळालं का? कावीळ फार चढली होती, तर कानांची तपासणी केव्हा करायची? ही उत्तरं कागदावर लिहून घेतल्याशिवाय दवाखान्याची पायरी उतरू नका.