कुठलं दुखणं कुणाचं

माझे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. डावा आधी, नेहमीच्या हत्यारांनी. उजवा काही वर्षांनी, रोबोटच्या हाताने. ऑपरेशनं नागपूरला झाली, पण बरी झाले ती बोरी अरबच्या घरात. आता दारव्ह्याच्या बाजारात किंवा यवतमाळच्या गाडीत कोणी ओळखीचं भेटलं की प्रश्न ठरलेला: "बाई, कोनता चांगला? मिशीनवाला का हातानं केलेला?" एका वाक्यात सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. एका बाईच्या दोन गुडघ्यांवरून शास्त्र ठरत नाही, एवढं धरून वाचावं.

१. गुडघा बदलतात म्हणजे अख्खा सांधा उपसून काढत नाहीत, हे मला ऑपरेशनच्या तोंडावर कळलं. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं टोक, दोन्हीकडून साधारण नऊ-दहा मिलिमीटरचा थर काढतात. तेवढीच जागा धातूचं आवरण आणि मधलं प्लास्टिक भरून काढतं. हा थर कापते ती विजेवर चालणारी छोटी करवत. तिचं पातं गोल फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं, मिनिटाला दहा-बारा हजार वेळा. प्लास्टर कापायचं यंत्र ज्यांनी पाहिलंय त्यांना हे ओळखीचं वाटेल. अमेरिकेतल्या होमर स्ट्रायकर या अस्थितज्ज्ञांनी १९४०च्या दशकात ते काढलं. प्लास्टरखालची सैल कातडी पात्याबरोबर हलते म्हणून कापली जात नाही. गुडघ्याच्या आत ती सोय नसते. बाजूला ताणलेले स्नायुबंध असतात आणि मागे पायाची मुख्य रक्तवाहिनी. म्हणून पातं चालू असताना लोखंडी आकड्यांनी मांस बाजूला ओढून धरावं लागतं. पहिल्या आठवड्यात गुडघ्याच्या दोन्ही अंगांना जो ठणका होता, त्यातला बराचसा या ओढाताणीचा, हे डॉक्टरांनी समजावल्यावर मला हायसं वाटलं. दुखणं तेवढंच राहिलं, पण त्याची भीती वाटेनाशी झाली.

२. करवतीची धार रुग्णाच्याही कामाची असते. आमच्या गावच्या सुताराला विचारा, बोथट पात्याने लाकूड कापलं की जळका वास येतो. हाडाचंही तसंच आहे. स्वीडनच्या संशोधकांनी १९८३ साली दाखवलं की हाड ४७ अंशांवर मिनिटभर राहिलं तरी त्याला इजा होते, ते नीट भरून येत नाही. तेवढं तापमान म्हणजे आंघोळीच्या कढत पाण्याहून फार जास्त नव्हे! म्हणून पातं नवं हवं, दाब हलका हवा आणि वर सलाइनची धार हवी. नवा सांधा ज्या हाडावर आयुष्यभर बसायचा, त्याचा वरचाच थर भाजून मेला तर पकड कशाची? रुग्णाला यातलं काही दिसत नाही, भूल असते. पण गुडघ्याविषयी विचारताना आम्ही सगळे सांध्याची कंपनी विचारतो. पातं नवं आहे का, हे विचारणारा मला अजून कोणी भेटला नाही.

३. डाव्या वेळी मला गुडघ्यापेक्षा मांडी जास्त दुखली. मला वाटलं, चुकून दुसरीकडेच काही झालं की काय. ते दुखणं होतं पट्ट्याचं. रक्त येऊ नये, कापलेली जागा कोरडी दिसावी म्हणून मांडीला हवेचा पट्टा आवळतात, बीपी मोजायच्या पट्ट्यासारखाच पण फार जोरात. उजव्या वेळी डॉक्टरांनी तो फक्त सिमेंट लावतानाच फुगवला. मांडी जवळजवळ दुखलीच नाही. पुढे वाचनात आलं की २०२०च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्या एकत्र तपासून केलेल्या अभ्यासात, पट्टा बांधलेल्या रुग्णांना पहिल्या दिवशी वेदना जास्त आढळल्या. सांध्यावर आणि रोबोटवर चर्चा करकरून लोक थकतात, आणि हा साधा पट्टा कोणाच्या लक्षातही येत नाही.

४. टाक्याच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढी जागा बधिर होते आणि ती खूप काळ तशीच राहते. ही खूण सुरीची. कातडीतून आतल्या बाजूने बाहेरच्या बाजूला जाणारी एक बारीक नस असते. उभा छेद घेतला की तिचे धागे तुटतात. सुरी कितीही चांगली असो, हात कितीही कुशल असो, रोबोट असो नसो. आंघोळ करताना तांब्याने पाणी ओतलं की आतल्या बाजूला ऊन लागतं आणि बाहेरून कोणी दुसऱ्याच्याच पायावर पाणी ओतल्यासारखं वाटतं. हळूहळू तो भाग कडेकडेने आक्रसत जातो. मला यात धोक्याची गोष्ट एकच वाटते, गरम पाण्याची पिशवी. तिथे चटका बसलेला कळतच नाही. आमच्याकडे दुखलं की आधी शेक, मग डॉक्टर. म्हणून ज्यांना टाके पडलेत त्यांच्या घरच्यांना मी हे मुद्दाम सांगते.

५. रोबोट ऑपरेशन करत नाही, डॉक्टरच करतात; हे गावात पटवून देणं कठीण जातं. माझ्या वेळी आधी सीटी स्कॅन काढला, त्यावरून हाडाचा आराखडा संगणकात तयार केला. करवत डॉक्टरांच्या हातात, पण ती यंत्राच्या बाहूला जोडलेली. आखलेल्या हद्दीबाहेर पातं गेलं की बाहू अडवतो. त्यामुळे स्नायुबंधांना धक्का कमी. जुन्या पद्धतीत कापायचा कोन धरण्यासाठी मांडीच्या हाडाच्या पोकळीत लांब सळई घालतात; इथे ती लागली नाही. पण यंत्राला हाड कुठे आहे हे कळावं म्हणून मांडीत आणि नडगीत पिना ठोकाव्या लागतात. गुडघ्याचा टाका वाळला, काठी सुटली, तरी नडगीवरच्या त्या दोन ठिपक्यांना बोट लागलं की मी दचकायची. या पिनांबद्दल जाहिरातीत कोणी बोलत नाही.

मग फरक पडला का? पहिले काही आठवडे उजवा नक्कीच हलका गेला, सूज कमी, गोळ्या कमी. वर्षानंतर मात्र दोन्हींत फरक सांगता येईना, आणि मोठ्या तुलनांमधूनही आजवर साधारण हेच पुढे आलंय. शिवाय उजव्या वेळी मला पुढचं सगळं ठाऊक होतं, त्याचाही वाटा असणारच. पैशाचं म्हणाल तर ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने सांध्याच्या किमतीला मर्यादा घातली. नेहमीचा कोबाल्ट-क्रोमचा सांधा कर वगळून ५४,७२० रुपये ठरला. यंत्राचा खर्च त्यात येत नाही. तो देण्यासाठी कोणी शेत गहाण ठेवायला निघालं, तर मी हात जोडून नको म्हणते.

६. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद महिन्याभरात निम्म्याहून जास्त उतरते, आणि ती परत आणणारं हत्यार कुठल्याही थिएटरात मिळत नाही. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघा खाली दाबायचा, मनात पाच म्हणेपर्यंत धरायचा. दिवसभर. सूनबाई स्वयंपाकघरातून हाक मारायची, "आई, उशी काढा." गुडघ्याखाली उशी घेतली की फार बरं वाटतं, म्हणूनच ती वाईट, गुडघा वाकलेलाच राहू पाहतो. व्यायाम जमतो तो वेदना आटोक्यात असली तरच. ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडीत पंतप्रधान वाजपेयींचा गुडघा बदलला, तेव्हा हे ऑपरेशन खेड्यापाड्यांत प्रथम ऐकू आलं. ते करणारे डॉ. चित्तरंजन राणावत सांध्याभोवतीच औषध टोचून वेदना कमी करण्याच्या पद्धतीसाठीही ओळखले जातात. हे इंजेक्शन मला दोन्ही वेळा मिळालं, आणि दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभी राहिले ते त्याच्या बळावर. माझ्या मते करवतीखालोखाल महत्त्वाची वस्तू ती सुईच.

७. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. काठी उलट्या हातात. एसटीच्या पायऱ्या उंच असतात, कंडक्टरला सांगितलं तर तो थांबतो. पंगतीत खुर्ची मागायची. जमिनीवर मांडी घालणं मी सोडलं, आणि पोळ्याला, महालक्ष्म्यांना ते फार जाणवतं.

८. काही दुखणी कुठल्याच हत्याराची नसतात, आणि घाबरायचं ते त्यांनाच. शेजारची एक बाई गुडघा करून आली. पोटरी टम्म, दाबली की कळ. घरचे म्हणाले, "ऑप्रेशन झालं ना, सुजनच. बाम लावून देतो." मी म्हटलं, गुडघ्याची सूज गुडघ्याला, पोटरीवर ना सुरी चालली ना करवत, मग ती एवढी कायले सुजली? अडाण नदीला पूर होता, तरी उतार पडताच तिला यवतमाळला नेली. शिरेत गुठळी निघाली, वेळेवर औषध सुरू झालं. टाक्यातून आठवडा उलटल्यावरही पाणी गळणं, उतरलेला ताप पुन्हा चढणं, अचानक धाप लागणं, हेही त्याच यादीतलं. अशा वेळी घरातल्या शहाण्यांचं ऐकत बसू नये.

९. आता कोणी ऑपरेशनला निघालं की मी सोबत कागद देते. मांडीचा पट्टा किती वेळ आवळणार? सांध्याभोवती औषध टोचणार का? पिना कुठे लावणार? घरी गेल्यावर व्यायाम कोण शिकवणार, आणि रात्री अडचण आली तर फोन कोण उचलणार? बहुतेक डॉक्टर कागद पाहून आधी चकित होतात, मग खुर्ची ओढून बसतात आणि उत्तरं देतात. परवाच एक शेतकरी असा कागद परत घेऊन आले. चारही उत्तरं त्यांनी पेन्सिलीने लिहून आणली होती आणि पाचव्यासमोर डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने आपला नंबर.