आधीचा एमआरआय कुठे आहे?

गेल्या शुक्रवारी दवाखाना बंद करायच्या वेळेला आपल्याच तालुक्यातला एक मुलगा वडिलांची फाइल घेऊन आला. वडिलांना मलाशयाचा कॅन्सर. नागपूरला पाच आठवडे लाइट (म्हणजे रेडिएशन) घेऊन झाली, सोबत केमोच्या गोळ्या, त्यानंतर केमोची सलाइनं. आता नवा एमआरआय झाला होता आणि रिपोर्टात गाठ बरीच आटल्याचं लिहिलं होतं. ‘रक्त पडणं थांबलं, गाठही आटली. बाबा म्हणतात, आता ऑपरेशन कशाले? पेरणी तोंडावर आली.’ मी त्याला एवढंच विचारलं, उपचाराच्या आधीचा एमआरआय कुठे आहे? फिल्म घरी पेटीत असेल म्हणाला. सीडीचा पत्ता नव्हता.

या दुखण्याचे रुग्ण वर्धा नदी ओलांडून सेवाग्रामला, सावंगीला, नाही तर नागपूरला जातात. उपचार एका गावी, तपासणी दुसऱ्या गावी, आणि कागद तिसऱ्याच ठिकाणी राहतात. म्हणून हा विषय आज सविस्तर घेतो.

मोठ्या आतड्याचा शेवटचा साधारण १५ सेंटीमीटरचा भाग म्हणजे मलाशय. त्याच्या भोवती चरबीचा थर असतो आणि त्या चरबीला बाहेरून एक पातळ पडदा वेढून असतो. सर्जन ऑपरेशनमध्ये याच पडद्याच्या कडेने चरबीसकट मलाशय काढतात. ही पद्धत इंग्लंडमधल्या बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये मांडली आणि त्याच जागी कॅन्सर पुन्हा उगवण्याचं प्रमाण तिने खूप खाली आणलं. गाठ या पडद्यापासून १ मिलिमीटरच्या आत आलेली असेल, तर ती पूर्ण निघेलच याची खात्री राहत नाही. अशा वेळी आधी लाइट आणि केमो देऊन ती मागे हटवावी लागते. पडदा नीट दाखवणारी तपासणी म्हणजे एमआरआय. सीटी स्कॅन छाती आणि यकृत पाहायला हवाच, कारण कॅन्सर तिथे पसरतो. पण मलाशयाच्या भिंतीचे थर सीटीवर वेगळे दिसत नाहीत, आणि पोटावरून केलेली सोनोग्राफी इथे उपयोगाची नाही.

उपचारानंतर काय दिसतं, हे शेतकऱ्याला समजावणं सोपं आहे. आपल्या काळ्या रानात कुंदा आणि हरळी असते. वरून वाळली म्हणजे मेली असं कोणी धरत नाही. खणून काशा पाहाव्या लागतात. गाठीचंही तसंच आहे. औषधाने मेलेल्या गाठीच्या जागी वण तयार होतो. एमआरआयच्या नेहमीच्या चित्रात वण काळा दिसतो आणि जिवंत गाठ राखाडी. वणाच्या आत राखाडी ठिपके उरले आहेत का, हे रेडिओलॉजिस्ट शोधतात. त्याच्या जोडीला आणखी एक चित्र काढतात. त्यात पाण्याचे कण पेशींच्या मध्ये किती मोकळे हलतात ते कळतं. दाटीवाटीने वाढलेल्या कॅन्सरच्या पेशींमध्ये ते अडकतात, म्हणून ती जागा उजळ दिसते. मलाशयात वायू साठलेला असेल तर हेच चित्र बिघडतं. काही ठिकाणी तपासणीआधी छोटा एनिमा देतात तो त्यासाठी. संकोच करू नका.

आता पहिल्या फिल्मचं महत्त्व लक्षात येईल. वण नेमका कुठे शोधायचा, गाठ कोणत्या बाजूला पडद्याला टेकली होती, शौचावर ताबा ठेवणाऱ्या स्नायूपासून किती वर होती, हे जुन्या चित्राशिवाय कळत नाही. उपचाराने चांगली आटलेली गाठ नव्या चित्रात कधी कधी सापडतच नाही. काही गाठी मुळातच चिकट, बुळबुळीत द्रव्याने भरलेल्या असतात. त्या मेल्या तरी चित्रात पूर्वीसारख्याच चकाकत राहतात. तिथे जुनं चित्र समोर नसेल तर अनुभवी डोळाही फसू शकतो.

अनेक रिपोर्टांत प्रतिसादाचा ग्रेड १ ते ५ असा दिलेला असतो. यात १ सगळ्यात चांगला, म्हणजे गाठीचा मागमूस दिसत नाही; ५ म्हणजे उपचाराचा परिणामच नाही. मोठा आकडा पाहून आनंद मानलेले नातेवाईक मी पाहिले आहेत. ऑपरेशननंतर पॅथॉलॉजिस्ट देतात तो ग्रेड वेगळा. काही पद्धतींत त्याचा क्रम उलटाही असतो, म्हणून आकड्याचा अर्थ डॉक्टरांनाच विचारा.

घाई हीही एक अडचण आहे. लाइट संपल्याबरोबर एमआरआय केला तर सूज दिसते आणि गाठ आहे तेवढीच वाटते. लाइट संपल्यावरही गाठ कित्येक आठवडे आटत राहते. म्हणून सहसा सहा ते बारा आठवड्यांनी, किंवा पुढे केमो चालू असेल तर ती संपल्यावर तपासतात. डॉक्टरांनी दिलेली तारीख आपल्या सोयीने अलीकडे ओढू नका.

आता बाबांच्या प्रश्नाकडे येतो. गाठ आटली तर ऑपरेशन कशाला? नुसत्या लाइट-केमोनंतर ऑपरेशन झालेल्या शंभरातल्या पंधरा-वीस जणांच्या काढलेल्या मलाशयात कॅन्सरची एकही पेशी सापडत नाही. ब्राझीलच्या डॉ. अँजेलिता हाब्र-गामा यांनी याच अनुभवावरून गाठ पूर्ण नाहीशी झालेल्या रुग्णांना ऑपरेशन न करता कडक देखरेखीखाली ठेवलं आणि २००४ मध्ये त्याचे निकाल प्रसिद्ध केले. तेव्हा त्यांच्यावर टीका झाली. आज मोठ्या केंद्रांत हा मार्ग मान्य आहे. पण ‘पूर्ण नाहीशी’ हे एकट्या एमआरआयवरून ठरत नाही. डॉक्टरांच्या बोटाला काही लागू नये, दुर्बिणीतून फक्त गुळगुळीत पांढरट वण दिसावा, आणि एमआरआयवर गाठ नसावी. तिन्ही जुळलं पाहिजे. तुकडा काढून तपासला आणि तो स्वच्छ निघाला, एवढ्याने भागत नाही, कारण काशा खोल असू शकतात.

आणि हे तिन्ही जुळलेल्यांचंही काय होतं? २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अशा ८८० रुग्णांचा अभ्यास आला. दोन वर्षांत साधारण चौघांतल्या एकाची गाठ पुन्हा उगवली, बहुतेकांची मलाशयाच्या भिंतीतच. वेळेत सापडली तर बहुतेकांचं ऑपरेशन तेव्हाही करता येतं. वेळेत सापडायची तर पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी तपासणी, ठरलेल्या वेळी एमआरआय, आणि पुढे पाच वर्षांपर्यंत देखरेख लागते. इथे माझं मत स्पष्ट सांगतो. कापूस वेचणीत, लग्नसराईत, हातात पैसा नसताना ज्यांची तारीख चुकणारच आहे, त्यांनी हा मार्ग धरू नये. ऑपरेशननंतर शौचासाठी पोटावर लावाव्या लागणाऱ्या पिशवीची भीती मला समजते. पण गाठ आटल्यामुळे कित्येकांची पिशवी तात्पुरतीच राहते, आणि शौचाचा स्नायू वाचेल का, हेही हाच एमआरआय सांगतो.

तपासणीला जाताना पेसमेकर, कानातलं यंत्र, शरीरातली पट्टी किंवा क्लिप आधी सांगा. यात क्ष-किरण नसतात. आवाज मोठा असतो आणि अर्धा-पाऊण तास न हलता पडावं लागतं. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार चालू असतील, तर एमआरआयचा खर्च त्यात बसतो का, हे बाहेर पैसे भरण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

सोमवारी तो मुलगा परत आला. फिल्म पेटीतच निघाली, जुना रिपोर्टही तिच्यासोबत होता. त्यात गाठ पडद्याला टेकल्याचं लिहिलं होतं. नव्या रिपोर्टात पडदा मोकळा होता, पण वणात राखाडी भाग शिल्लक, ग्रेड ३. मी त्याच्या वडिलांना फोन लावला. वाट पाहण्यासारखी ही स्थिती नाही, पण गाठ मागे हटल्यामुळे आता ती पूर्ण निघण्याची आशा वाढली आहे, असं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्यांनी विचारलं, ‘किती दिवस लागतील?’ नेमके दिवस सर्जनच सांगतील, म्हटलं. पेरणी धाकटा भाऊ बघणार आहे. दोन्ही फिल्म एकाच पिशवीत बांधून बाप-लेक गुरुवारी नागपूरला जात आहेत.