जुन्या जीपची पारख

कापडाच्या दुकानदाराने जीपगाडीवर लेख लिहावा, याचे आमच्या वाचक बांधवांना नवल वाटेल. पण गेल्या दीड वर्षात चार जण याच एका कामासाठी आमच्या दुकानाची पायरी चढले. दोघे गॅरेजवाले, एक बेकरीवाले आणि एक आखातातून परतलेला तरुण. कोणाला शौकासाठी जुनी जीप घ्यायची होती, कोणाला डागडुजी करून पुढे विकायची होती. आमच्याकडे अनेक वर्षे एक जीप राबली, एवढीच आमची लायकी. चौघांचाही पहिला प्रश्न एकच होता, "गाडी ओरिजिनल आहे की नाही, हे ओळखायचे कसे?"

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ओरिजिनल म्हणजे नेमके काय ओरिजिनल, हे ठरवल्याशिवाय जो पैसे मोजतो तो फसतो. म्हणून प्रथम ही गाडी कशासाठी जन्माला आली ते पाहू.

१९४० साली अमेरिकेच्या लष्कराला हलकी, बुटकी आणि चारही चाकांना ओढ असलेली गाडी हवी होती. शंभराहून अधिक कारखान्यांकडे विचारणा झाली. मुदत इतकी थोडी होती की बहुतेकांनी कानावर हात ठेवले. बँटम नावाच्या एका छोट्या, डबघाईला आलेल्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरकडून नकाशे काढून घेतले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पहिली गाडी लष्कराच्या हवाली केली. पुढे ते नकाशे विलीज आणि फोर्ड या मोठ्या कंपन्यांच्या हाती गेले. विलीजचे ६० हॉर्सपॉवरचे इंजिन सर्वांत जोरदार ठरले, म्हणून विलीजचा नमुना पक्का झाला आणि फोर्डनेही तोच बनवला. दोघांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. ज्या बँटमने सुरुवात केली, तिच्या वाट्याला मोठे काम आलेच नाही. धंद्यात असे घडते.

या गाडीत एक बारीक सोय होती, ती आम्हाला फार आवडते. पुढचे दिवे एका बिजागरीवर बसवलेले असत. रात्री गाडी बिघडली की दिवा उलटा फिरवायचा, त्याचा उजेड थेट इंजिनावर पडायचा. म्हणजे गाडी बिघडणार, अंधारात बिघडणार, आणि जवळ असेल त्यानेच ती दुरुस्त करायची, हे बनवणाऱ्याने आधीच धरून चालले होते. जीपचा सारा स्वभाव त्या एका दिव्यात आहे.

आपल्याकडे ही गाडी आली त्याचीही हकीकत व्यापाऱ्यांना ठाऊक असावी. १९४५ साली के. सी. महिंद्रा व जे. सी. महिंद्रा हे बंधू आणि मलिक गुलाम मोहंमद यांनी मिळून पोलादाच्या व्यापाराची पेढी काढली. तिचे नाव होते महिंद्रा अँड मोहंमद. फाळणीनंतर गुलाम मोहंमद पाकिस्तानात गेले, तेथील पहिले अर्थमंत्री व पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये पेढीचे नाव बदलून महिंद्रा अँड महिंद्रा झाले. १९४७ साली या पेढीने विलीजच्या ७५ गाड्या सुट्या भागांत मागवल्या होत्या. १९४९ मध्ये मुंबईतच माझगावला जोडणी सुरू झाली. उंच बॉनेटची सी.जे. ३ बी ही जीप अमेरिकेत १९६८ साली बंद पडली, पण आपल्याकडे तिचा वंश नंतरही कित्येक वर्षे चालू राहिला. निवडणुकीचा प्रचार, तमाशाचा फड, वडापची सवारी, पाटबंधारे खात्याचा साहेब, सगळ्यांनी तीच गाडी वापरली. मागे "लेफ्ट हँड ड्राइव्ह" असे रंगवलेल्या जीपगाड्या आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

आता पारख. अस्सल हातमागाच्या पैठणीची परीक्षा आम्ही पदर उलटून करतो. उलट बाजूलाही नक्षी तशीच स्वच्छ दिसली पाहिजे. मागे सुटे धागे लोंबत असतील तर समजावे की माल दुसरा आहे. जीपची उलटी बाजू म्हणजे तिचे पोट. रंग, सीट, जाळी हे सगळे नंतर. आधी जमिनीवर पोते अंथरा आणि गाडीखाली शिरा. ज्याला कपडे मळण्याची लाज वाटते त्याने जीप खरेदी करू नये.

खाली काय पाहायचे? पहिली चॅसी. जीपची चॅसी शिडीसारखी वेगळी असते आणि पत्र्याची बॉडी तिच्यावर बोल्टने बसवलेली असते. बॉडी सडली तर बदलता येते, चॅसी गेली तर गाडी गेली. जोडपट्ट्या आणि वेल्डिंगचे डाग दिसले तर कारण विचारा. चॅसीचा नंबर रॉकेलच्या फडक्याने पुसून बोट फिरवा. अक्षरे वाकडीतिकडी किंवा भोवतीचा पत्रा घासलेला वाटला तर पुढे बोलणीच नकोत.

मग पुढचा अॅक्सल आणि लो गिअर. गिअरच्या दांड्याजवळ आणखी दांड्या असतात. त्यांनी पुढच्या चाकांना ओढ मिळते, आणि लो मध्ये टाकले की वेग कमी होऊन जोर वाढतो. ओल्या मातीत, चढावर, ओझे घेऊन गाडी चालते ती याच्या बळावर. डिझेल वाचावे म्हणून पुष्कळांनी पुढचा शाफ्ट काढून टाकला, काहींनी तर आतले गिअरच विकले. वर दांड्या तशाच उभ्या, खाली काही नाही. म्हणून डांबरी रस्त्यावर फेरी मारून समाधान मानू नका. शेतात न्या, लो टाका, आणि दुसऱ्या माणसाला बाहेर उभा करून पुढची चाके ओढतात का ते पाहायला सांगा.

या दोन गोष्टी शाबूत असतील, पाटे जागेवर असतील आणि साध्या पान्यांनी ती उघडत असेल, तर आमच्या मते तिचा जीव शाबूत आहे. पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवले म्हणून ती बाटली असे आम्ही मानत नाही. पेट्रोल महागले तेव्हा गरीब धंदेवाल्याने ते केले आणि गाडी भंगारात जाण्यापासून वाचली. उलट चकचकीत क्रोम, ट्रकसारखी रुंद चाके आणि सोफ्यासारख्या सीटा लावून लग्नाच्या वरातीत फिरवलेली जीप पाहिली की आम्हाला वाईट वाटते.

नव्या थारविषयीही विचारले जाते. २०२० च्या थारला वेगळी चॅसी आहे, लो गिअरचा दांडा आहे, पाण्याने धुऊन काढता येईल अशी आतली जमीन आहे. वंश कळतो. फक्त बॉनेट उघडल्यावर गावचा मिस्त्री संगणकाशिवाय फार काही करू शकत नाही, आणि ते काळाचे मागणे आहे, कंपनीचा दोष नव्हे. पण जानेवारी २०२३ मध्ये आलेली, फक्त मागच्या चाकांना ओढ असलेली थार? शहरात फिरायला सोयीची असेल, विकली जाते हेही खरे. आम्ही तिला जीपच्या अंगरख्यातली मोटार म्हणू.

ज्यांना युद्धकाळातलीच जीप हवी, त्यांचा हिशेब निराळा. तिथे किंमत कामाची नसून खुणांची असते. युद्धातल्या गाडीच्या जाळीत नऊ उभ्या फटी असतात, १९४५ नंतरच्या मुलकी गाडीच्या जाळीत सात. युद्धातल्या गाडीला मागे उघडणारी फळी नसते, आणि इंधन भरायला ड्रायव्हरची सीट उचलावी लागते. दिवे जाळीच्या आत दबलेले असतात. विलीजच्या चॅसीची पुढची आडवी दांडी गोल नळीची, फोर्डच्या चॅसीची चौकोनी घडणीची. फोर्डने तर बोल्टच्या डोक्यांवरसुद्धा आपले एफ हे अक्षर उमटवले होते. डावीकडचे स्टिअरिंग हा मात्र पुरावा धरू नका. आपल्याकडच्या गाड्यांनाही ते होते.

जाळीवरून आणखी एक गोष्ट. २०१८ मध्ये महिंद्राने अमेरिकेत रॉक्सर नावाची गाडी काढली. जीप हे नाव तेव्हा ज्यांच्या मालकीचे होते त्या फियाट क्रायस्लरने तक्रार केली, की हा घाट आमचा आहे. जून २०२० मध्ये तेथील आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने त्या गाडीवर बंदी आणली आणि पुढची बाजू बदलल्यावर डिसेंबरात नव्या नमुन्याला मोकळीक दिली. ठशाची नक्कल करणाऱ्या आमच्या कारीगर बांधवांनी हे ध्यानात ठेवावे.

कायद्याचेही दोन शब्द. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसेच सांगितले. डिझेल इंजिन बसवले असेल तर त्याची नोंद आर.सी. बुकात आहे का ते पाहा. जुलै २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची "व्हिंटेज" म्हणून नोंदणी होते, नव्या नोंदणीला २०,००० रुपये फी. पण चॅसी, बॉडी किंवा इंजिन बदललेले असेल तर ती सवलत नाही, आणि अशी गाडी धंद्यासाठी किंवा रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. तेव्हा दलाल "व्हिंटेज करून देतो" म्हणाला की आधी खाली वाकून इंजिन पाहावे.

आता आमच्या स्वतःच्या गाडीचे सांगतो. १९७२ ची सी.जे. ३ बी आमच्या मरहूम वालिदसाहेबांनी १९८४ साली जुनी घेतली. आठवडे बाजाराला साड्यांचे गठ्ठे तिच्यातूनच जात. पेट्रोल परवडेना, तेव्हा त्यांनी डिझेल इंजिन बसवून घेतले आणि आर.टी.ओ.त खेटे घालून त्याची नोंदही केली. पुढे टेंपो आला आणि जीप गोदामात पडून राहिली. २०२३ साली एक दलाल आला. त्याने सरळ सांगितले : बॉनेट कापून खाली घ्या, नऊ फटींची जाळी लावा, हिरवा लष्करी रंग द्या, बाजूला पांढरा तारा काढा, युद्धातली गाडी म्हणून तिप्पट दाम मिळवून देतो. खोटे कशाला बोला, रात्रभर आम्हाला झोप लागली नाही. त्या वर्षी दुकानाचे देणे बरेच थकले होते.

सकाळी आमचे जुने मिस्त्री आले. त्यांनीच ते डिझेल इंजिन बसवले होते. दलालाचे म्हणणे ऐकून ते एवढेच म्हणाले, "शेठ, बॉनेट मी कापून देईन. पण घेणारा मला विचारायला आला, तर मी काय सांगू?"

आम्ही एका कागदावर सगळे लिहून काढले. इंजिन मूळचे नाही, डिझेल आहे, बुकात नोंद आहे. फळी नवी. उजवीकडचा पत्रा दोनदा बदललेला. चॅसी मूळची, पुढचा अॅक्सल व लो गिअर चालू. दलालाने तो कागद पाहिला आणि परत आला नाही. दोन महिन्यांनी जुन्नरकडचे एक द्राक्षबागवाले आले. त्यांनी कागद वाचला, गाडी बांधावर चढवून पाहिली, आणि आम्ही सांगितलेल्या दामातून पाच हजार कमी करून घेऊन गेले.