मिरचीचा तिखटपणा आणि मज्जातंतूंचे दुखणे



मिरचीची तोडणी केल्यावर किंवा देठ खुडल्यावर हातांची कशी आग होते, हे आपणास ठाऊकच आहे. ही आग करणाऱ्या द्रव्यास कॅप्सायसिन म्हणतात. हेच द्रव्य मज्जातंतूंच्या दुखण्यावर नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीने वापरले जाते. ते कसे वापरावे आणि मुख्यतः कसे वापरू नये, याची माहिती मिरची उत्पादकांना असणे जरुरीचे आहे.

गेल्या हंगामात शिवारफेरीत एका मधुमेही शेतकऱ्याने मला आपला पाय दाखविला. तळव्याची आग थांबावी म्हणून त्यांनी वाटलेली मिरची रात्रभर फडक्यात बांधली होती आणि चालू गोळ्या आपल्याच मनाने बंद केल्या होत्या. मधुमेहामुळे तळव्याची संवेदना कमी झालेली, त्यामुळे कातडी भाजल्याचे सकाळपर्यंत कळलेच नाही. जखम भरून यायला तीन महिने लागले.

मिरचीचा उपयोग होतो ही त्यांची माहिती खरी होती. चुकले ते प्रमाण. आपल्या त्वचेतील मज्जातंतूंच्या टोकांवर उष्णता ओळखणारी दारे असतात. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर ती उघडतात, आणि कॅप्सायसिन लागले तरीही उघडतात. म्हणून मिरची आणि चटका सारखेच वाटतात. हा शोध १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेतून प्रसिद्ध झाला व २०२१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. ठरावीक मात्रेत कॅप्सायसिन लावत राहिल्यास ही टोके थकून गप्प बसतात आणि दुखण्याचा निरोप पुढे जाणे कमी होते.

गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन या गोळ्यांचे काम निराळ्या ठिकाणी चालते. त्या मुख्यतः पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत निरोपाचा जोर कमी करतात. पाणी शेताच्या बाऱ्यावर अडविले आणि वर पाटावरही थोडे आवरले, असाच हा प्रकार समजावा. मलमातले कॅप्सायसिन रक्तात फारच थोडे उतरते, त्यामुळे गोळ्यांशी त्याचा सहसा झगडा होत नाही. नागीण बरी झाल्यावर मागे राहणारी ठणक आणि मधुमेहातील पायांची आग यांवर डॉक्टर ही जोडी देतात. आराम सर्वांनाच पडतो असे मात्र नाही.

औषधी मलमात कॅप्सायसिन ०.०२५ ते ०.०७५ टक्के असते. वाळलेल्या मिरचीत मात्र तिखट द्रव्ये सामान्यतः ०.१ ते १ टक्क्यापर्यंत आढळतात, म्हणजे कित्येक पटींनी जास्त. शिवाय ब्याडगी वेगळी, ज्वाला वेगळी. पाण्याचा ताण बसलेल्या झाडाची मिरची आणखी तिखट होऊ शकते. बी तिखट असते हा आपला समज, पण तिखटपणा तयार होतो तो बी जिला चिकटते त्या आतल्या पांढऱ्या शिरेत. तेव्हा घरच्या वाटणात नेमकी मात्रा किती, हे पीकशास्त्र शिकविणारा मीही सांगू शकणार नाही. ८ टक्क्यांची पट्टीही असते. ती दवाखान्यातच, जास्तीत जास्त एक तास लावतात. ती घरी करण्याची गोष्ट नव्हे.

मलम डॉक्टरांच्या सल्ल्यानेच आणावे. ते दिवसातून तीन-चार वेळा, नियमाने लावावे लागते. पहिले काही दिवस आग वाढते व गुण येण्यास काही आठवडे जातात. बरेच जण आधीच सोडून देतात. फोड, जखम किंवा चिरलेल्या कातडीवर लावू नये, लावल्यावर गरम पाण्याने शेकू नये. बधिर पायावर लावण्यापूर्वी पाय डॉक्टरांना दाखवावा. बरे वाटू लागले तरी गोळ्या एकदम थांबवू नयेत. झोप उडते, घाम व बेचैनी येते. गोळ्यांनी गुंगी येत असल्यास ट्रॅक्टर चालवू नये, विहिरीत उतरू नये.

हळद व मिरे यांच्या तयार गोळ्या घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. मिऱ्यातील पायपरीन हे द्रव्य काही औषधांचे रक्तातील प्रमाण वाढविते. चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या कळांवर दिले जाणारे कार्बामाझेपिन त्यांपैकी एक. भाजीतल्या मिऱ्याची चिंता नको, पण अशा गोळ्या चालू असल्यास डॉक्टरांना न विसरता सांगावे.

मिरची हाताळताना किंवा मलम लावताना हाताला लागल्यास नुसत्या पाण्याने आग जात नाही, कारण हे द्रव्य पाण्यात फारसे विरघळत नाही. आधी खोबरेल तेल चोळून पुसावे, मग साबणाने हात धुवावेत आणि तोवर डोळ्यांना हात लावू नये.