हौस आणि व्यवसाय

पाठपरिचय : एखाद्या गोष्टीची हौस असणे निराळे आणि तिच्यावर चरितार्थ चालविणे निराळे. हौसेला लाभहानीचा विचार नसतो. व्यवसायात तो टाळता येत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात एकत्र आल्या म्हणजे त्याची कशी कसोटी लागते, हे प्रस्तुत पाठात सांगितले आहे. जमिनीवर बसून विमान चालविण्याचा सराव देणारे यंत्र ज्यांनी घडविले, त्या एडविन लिंक यांची ही कथा आहे.

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टन नावाचे एक शहर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे लिंक कुटुंबाचा पियानो आणि ऑर्गन तयार करण्याचा कारखाना होता. त्या काळी चित्रपट मुके असत. पडद्यावर चित्रे हलू लागली, की चित्रपटगृहातील वादक प्रसंगाला साजेसे संगीत ऑर्गनवर वाजवी. १९०४ साली जन्मलेला एडविन याच कारखान्याच्या वातावरणात वाढला. लाकडाचा भुसा, हवेच्या नळ्या, झडपा आणि भाते हे त्याचे बालपणाचे सोबती होते.

आपल्याकडील बाजाच्या पेटीला भाता असतो, हे सर्वांना ठाऊक आहे. भात्याने हवा दिली आणि पट्टी दाबली, म्हणजे सूर उमटतो. ऑर्गनमध्ये हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर योजलेले असते. कोणत्या झडपेतून हवा सोडली असता कोणता भाग हलतो, हे एडविनला केवळ पुस्तकाने नव्हे, तर हाताने कळत होते.

हात कारखान्यात असले, तरी त्याचे मन मात्र आकाशात होते. १९२० साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याने विमान चालविण्याचा पहिला धडा घेतला. त्यासाठी त्याने पन्नास डॉलर मोजले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. शिक्षकाने त्याला विमानात बसविले, आकाशात कोलांट्या घेतल्या, गिरक्या मारल्या, घरांच्या छपरांवरून विमान नेले आणि अखेर ते जमिनीवर उतरविले. या साऱ्या वेळात एडविनला दांड्याला एकदाही हात लावू दिला नाही! धडा संपला, पैसे गेले आणि शिष्य होता तेथेच राहिला. शिकविण्याची ही रीत योग्य नव्हे, ही गोष्ट त्याच्या मनात कायमची रुतून बसली.

पुढे कारखान्यातील काम सांभाळून तो विमानविद्या शिकला. त्याने एक लहान विमान विकत घेतले. प्रवाशांना आकाशातून फिरवून आणावे, कोणाला शिकवावे आणि त्यातून चार पैसे मिळवावेत, असा त्याचा क्रम सुरू झाला. शिकविता शिकविता त्याच्या लक्षात आले, की नवशिक्याचा प्रत्येक तास महाग पडतो. पेट्रोल जळते, विमान झिजते आणि प्राणांचा धोका असतो तो वेगळाच. मग पहिले धडे जमिनीवरच का देऊ नयेत?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी लिंक यांनी कारखान्याच्या तळघरात सुमारे दीड वर्ष खटपट केली. त्यांनी लाकडाचे एक आखूड विमान तयार केले. त्याला लहानसे पंख होते, शेपूट होते, बसण्याची जागा होती. नव्हते ते फक्त उडणे. हे विमान त्यांनी सर्व बाजूंना कलणाऱ्या एका सांध्यावर बसविले आणि त्याच्याखाली ऑर्गनचे भाते लावले. विजेच्या पंपाने भात्यांतील हवा कमी-अधिक होई. वैमानिकाने दांडा मागे ओढला, की झडपा उघडत आणि विमानाचे नाक वर येई. दांडा डावीकडे नेला, की विमान डाव्या अंगावर कले. पायाखालच्या पट्ट्या दाबल्या, की ते वळे. जे भाते संगीतासाठी घडविले गेले होते, तेच आता उड्डाणाचा भास निर्माण करू लागले. १९२९ साली लिंक यांनी या यंत्राच्या एकस्वासाठी अर्ज केला आणि यंत्रे विकण्याकरिता एक लहानशी कंपनी स्थापन केली.

येथूनच त्यांच्या कसोटीला प्रारंभ झाला. वैमानिक घडविणाऱ्या शाळा हे यंत्र आनंदाने विकत घेतील, अशी लिंक यांची अपेक्षा होती. ती फोल ठरली. जमिनीवर डुलणारी लाकडी पेटी उड्डाण काय शिकविणार, असे जाणत्या वैमानिकांना वाटे. त्यातच १९२९ च्या अखेरीस अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी आली. यंत्रे विकली गेली ती करमणुकीच्या उद्यानांना! लोक फटीत नाणे टाकीत, यंत्रात बसून क्षणभर डुलत आणि हसत हसत उतरून जात. ज्या यंत्रावर दीड वर्ष खपलो, ते जत्रेतील खेळणे ठरावे, याचे दुःख कोणत्याही कारागिराला झाले असते.

अशा वेळी माणसापुढे दोन सोप्या वाटा असतात. व्यवसाय बंद करावा आणि आपल्यापुरती हौस भागवावी, ही पहिली वाट. जे खपते तेवढेच करावे आणि मूळचा हेतू विसरून जावा, ही दुसरी. लिंक यांनी या दोन्ही वाटा सोडल्या. उद्यानांना यंत्रे विकण्यात त्यांनी कमीपणा मानला नाही. परंतु यंत्राचा खरा उपयोगही त्यांनी दृष्टीआड होऊ दिला नाही. १९३० साली त्यांनी स्वतःची उड्डाणशाळा काढली. विद्यार्थ्याने प्रथम यंत्रात बसावे आणि मग विमानात, अशी तेथील पद्धत होती.

तथापि तेवढ्यावर भागेना. तेव्हा त्यांनी एक नवीनच युक्ती काढली. विमानाच्या खालच्या बाजूला दिवे बसवून ते रात्री शहरांवरून जाहिराती मिरवू लागले. कधी पाव-बिस्किटांची जाहिरात, तर कधी पादत्राणांची! अक्षरांचे दिवे लावण्या-विझविण्यासाठी त्यांनी आपोआप वाजणाऱ्या पियानोत असते तशी छिद्रे पाडलेली कागदाची गुंडाळी वापरली. पुढे तर विमानात ऑर्गनच्या नळ्या बसवून त्यांनी आकाशातून संगीतही ऐकविले. काम पोटासाठीच होते. पण त्यातही कारागिराची कल्पकता आणि उडणाऱ्याचा उल्हास लोपला नव्हता. १९३१ साली मॅरियन क्लेटन यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि व्यवसायाच्या कामात त्यांना एक कर्तबगार सहकारी लाभली.

हौसेचा व्यवसाय झाला, म्हणजे एक संकट हळूहळू पावले टाकीत येते. पूर्वी आनंदासाठी राखलेला वेळ गिऱ्हाइकांच्या मागण्या, दुरुस्त्या आणि हिशोब यांनी भरून जातो. दिवसभर शिकवण्या करणाऱ्या गवयाने पहाटेचा स्वतःचा रियाज सोडला, तर काही दिवसांनी त्याच्या शिकवण्यांतलाही जिवंतपणा ओसरतो. लिंक यांनी आपला रियाज सोडला नाही. यंत्रे विकणारा हा माणूस स्वतः विमान चालवीतच राहिला. या गोष्टीचे मोल लवकरच सर्वांना कळून आले.

१९३४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या सरकारने विमानाने टपाल नेण्याचे काम खाजगी कंपन्यांकडून काढून लष्कराच्या वैमानिकांकडे सोपविले. हिवाळ्याचे दिवस होते. रात्र, धुके आणि हिमवादळे यांतून उडण्याचा पुरेसा सराव त्या तरुणांना नव्हता. ढगात शिरल्यावर जमीन आणि क्षितिज दिसेनासे होते. अशा वेळी आपल्या कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय माणसाला फसविते. विमान कललेले असूनही ते सरळ आहे, असे वाटते. तेव्हा शरीराला जे जाणवते त्यावर विश्वास न ठेवता समोरच्या उपकरणांच्या काट्यांवर विश्वास ठेवावा लागतो आणि तो सरावाशिवाय बसत नाही. काही आठवड्यांतच सुमारे बारा जण अपघातांत मृत्यू पावले. साऱ्या देशात हळहळ पसरली.

आता लष्कराला लिंक यांच्या यंत्राची आठवण झाली. त्यांना न्यूअर्क येथील विमानतळावर भेटीस बोलाविण्यात आले. नेमका त्या दिवशी दाट धुक्याने आसमंत व्यापला होता. अशा हवेत विमान येणे शक्य नाही, असे मानून अधिकारी परत जाण्याच्या बेतात होते. इतक्यात धुक्यातून विमानाची घरघर ऐकू आली आणि लिंक विमानतळावर सुखरूप उतरले! काट्यांवर भिस्त ठेवून ते एकटे आले होते. यंत्राची याहून चांगली शिफारस कोणत्या शब्दांनी झाली असती? लिंक यांनी उडणे सोडून केवळ विक्रीच केली असती, तर त्या दिवशी ते घरीच बसून राहिले असते. लष्कराने प्रत्येकी साडेतीन हजार डॉलर देऊन सहा यंत्रे विकत घेतली.

त्यानंतर यंत्रात सुधारणा होत गेल्या. वैमानिकाच्या डोक्यावर झाकण ओढले, की त्याला बाहेरचे काहीही दिसत नसे. समोर उपकरणे तेवढी दिसत. जवळच्या मेजावर शिक्षक बसे. त्याच्या नकाशावर तीन चाकांचे एक चिमुकले उपकरण शाईने वैमानिकाचा मार्ग रेखीत जाई. त्याला गमतीने ‘खेकडा’ म्हणत. चूक झाली, तर खेकड्याची रेघ वाकडी जाई. पण कोणाचा प्राण जात नसे. निळ्या रंगामुळे हे यंत्र ‘निळी पेटी’ या नावाने प्रसिद्ध झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अशी दहा हजारांहून अधिक यंत्रे तयार झाली आणि सुमारे पाच लाख वैमानिकांनी त्यांत सराव केला.

लहानशी कंपनी आता प्रचंड झाली होती. १९५४ साली ती एका मोठ्या कंपनीत विलीन झाली. युद्धानंतर लिंक यांना नौकाविहाराची आणि समुद्राच्या तळाशी बुडी मारण्याची हौस लागली होती. त्या हौसेतूनही त्यांनी पाणबुड्यांसाठी नवी साधने निर्माण केली. १९८१ साली त्यांचे निधन झाले.

आज उड्डाणाचा असा सराव घरच्या संगणकावरही करता येतो. ब्रूस आर्टविक या विमानप्रेमी अभियंत्याने १९७० च्या दशकाच्या अखेरीस लहान संगणकासाठी त्याची आज्ञावली तयार केली आणि तिचीही सुरुवात एका छोट्या कंपनीतूनच झाली. आता अनेक देशांत हौशी लोक घरातील एखाद्या खोलीत वैमानिकाची बैठक उभारतात. त्यांपैकी काही जण दांडे, उपकरणांच्या फळ्या किंवा विमानतळांची चित्रे तयार करून विकतात. जी अडचण लिंक यांच्यापुढे होती, तीच यांच्यापुढेही असते. संध्याकाळी उड्डाणासाठी बसावे, तो गिऱ्हाइकाची तक्रार आठवते. आकाश पाहावयाचे, तो डोळे दोष शोधू लागतात.

अशांना लिंक यांचे चरित्र मार्ग दाखविते. हौसेने व्यवसायाला जिव्हाळा द्यावा आणि व्यवसायाने हौसेला शिस्त द्यावी. पैसे देणाऱ्याचे काम चोख करावे. त्यात लाज मानू नये. परंतु ज्या आनंदासाठी आरंभ केला, त्या आनंदाचा एक कोपरा कोणालाही विकू नये. न्यूअर्कच्या धुक्यातून लिंक यांना जमिनीवर आणणारे कौशल्य त्याच कोपऱ्यात जोपासले गेले होते.

शब्दार्थ

चरितार्थ – उदरनिर्वाह
झडप – हवेची वाट उघडणारे व बंद करणारे झाकण
एकस्व – शोध लावणाऱ्याला मिळणारा, तो शोध वापरण्याचा हक्क
फोल – व्यर्थ
आसमंत – सभोवतालचा प्रदेश
भिस्त – भरवसा
आज्ञावली – संगणकाला दिलेल्या सूचनांची मालिका

स्वाध्याय

१. पहिल्या धड्यानंतर एडविनच्या मनात कोणती गोष्ट रुतून बसली? का?
२. ऑर्गनच्या कारखान्यातील कोणत्या ज्ञानाचा उपयोग लिंक यांना यंत्र घडविताना झाला?
३. ढगातून उडताना वैमानिकाने शरीराच्या जाणिवेवर विसंबून का राहू नये?
४. ‘लिंक यांनी आपला रियाज सोडला नाही.’ या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
५. वाक्यांत उपयोग करा : दृष्टीआड होणे, कमीपणा मानणे, बेतात असणे.
६. तुमच्या गावातील एखाद्या कारागिराला भेटा. त्याच्या कामात हौस किती आणि व्यवसाय किती, हे त्याला विचारून दहा ओळी लिहा.