बॅटरी नको, ड्रम हवा!

मे महिन्यात हॉस्टेल रिकामं होतं आणि मेसमागची बाग वाळते. सोलर पंप म्हटलं की आपण आधी बॅटरीची किंमत विचारतो, आणि विषय तिथेच संपतो. पण जरा फर्स्ट इयरचं फिजिक्स आठवा. ५० रोपांना रोज ४ लिटर, म्हणजे २०० लिटर. जमिनीखालच्या टाकीतून २ मीटर उंच स्टँडवरच्या ड्रमपर्यंत एकूण ५ मीटर चढ धरू. एमजीएच काढलं तर येतात ९८०० ज्यूल, ३ वॉट-अवरपेक्षाही कमी! छोट्या डीसी पंपाची एफिशियन्सी २५ टक्केच धरली तरी ११ वॉट-अवर. २० वॉटच्या पंपाला हे तासाभराचंही काम नाही. पॅनेल मात्र ४० वॉटचं घ्यावं, नाहीतर कोवळ्या उन्हात पंप नुसता गुरगुरतो. ड्रम भरला की फ्लोट स्विच पंप बंद करतो.

खरी मेख ड्रिपरमध्ये आहे. ४ लिटरचा साधा ड्रिपर तासाला ४ लिटर देतो, पण १ बार प्रेशरला. आपल्याकडे २ मीटर उंची, म्हणजे जेमतेम ०.२ बार. फ्लो प्रेशरच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, म्हणून मिळतील साधारण १.८ लिटर. (प्रेशर-कॉम्पेन्सेटिंग ड्रिपर इथे घेऊच नका.) पण घाई कोणाला आहे? वॉचमन काकांनी सूर्य मावळल्यावर कॉक उघडायचा, सकाळी ऊन यायच्या आत बंद करायचा. रात्री पंप चालतच नाही, त्यामुळे बरोब्बर एक ड्रम पाणी जातं. टायमरचाही खर्च वाचला! आउटलेटला जाळीचा फिल्टर हवाच, आणि ड्रम काळा, झाकणाचा घ्या. उजेड आत गेला की शेवाळ धरतं आणि ड्रिपर चोंदतात.